गोफण खाली ठेवल्यावर

ज्वारी निसवली, दाणा दुधात आला, की तामलवाडीच्या आमच्या रानात माझी नेमणूक व्हायची. उजाडायच्या आत मचाणावर चढायचं आणि ऊन तापेपर्यंत पाखरं राखायची. हा शब्द मोठा मिस्कील आहे. राखायची असायची ज्वारी, पाखरं हाकायची असायची. तरी अख्खा गाव 'पोरगं पाखरं राखायला गेलंय' असंच म्हणायचा. त्यातली गंमत कळायला मला तीस वर्षं लागली.

मचाणावर सुताची गोफण असायची, शेजारी ढेकळांची रास. गोफण डोक्याभोवती दोनदा फिरवून एक दोर सोडला की ढेकूळ भिरभिरत जायचं आणि सुटलेल्या दोराचा 'फट्' असा आवाज व्हायचा. त्या आवाजानंच निम्मं काम व्हायचं. पाखरू मेलं असं मी कधी पाहिलं नाही. ते फक्त उठायचं आणि शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसायचं. मग शेजारचं पोरगं 'हाऽऽ हो' करून ते आमच्याकडे परत पाठवायचं. एकच थवा दोन्ही घरची पोरं दिवसभर एकमेकांकडे ढकलत बसायचो.

त्या वेळी माझ्या लेखी पाखरांच्या जाती मोजून पाच. चिमणी, कावळा, व्हला, टिटवी आणि भोरड्या. बाकीची सगळी नुसती पाखरं. त्यांतही भोरड्यांचा मान मोठा, कारण त्यांची भीती मोठी. आकाशात धुरळा उठल्यासारखा थवा दिसायचा, वळायचा, दाटायचा, विरळ व्हायचा आणि अचानक कणसांवर ओतला जायचा. तात्या, म्हणजे माझे चुलते, बांधावरून ओरडायचे, "आरं उतरल्या, उतरल्या! काय बघायलास तोंडाकडं?" मी गोफण उचलायचो. थवा उठेपर्यंतचे ते दोन क्षण मात्र मी खरंच बघत असायचो, आणि त्याबद्दल शिव्या खायचो.

पुढं शिक्षण, मग सोलापुरात नोकरी. तामलवाडी तासाभराच्याही आतली, पण जाणं सणावारापुरतं उरलं. अशात एका नोव्हेंबरात मुलीच्या हट्टानं पक्षिनिरीक्षणाच्या कार्यशाळेत नाव घातलं. नोव्हेंबर का, तर ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. चितमपल्ली तर सोलापूरचेच. जन्म इथला, १९३२ चा. छत्तीस वर्षं वनखात्यात, त्यातली बरीचशी विदर्भाच्या जंगलांत काढून अखेर याच गावी परतले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथंच गेले. आपल्याला पक्षी माहीत आहेत, शेतकऱ्याचं पोर आहोत आपण, अशा गुर्मीत मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

शिकवणाऱ्या गृहस्थांनी ना पडदा लावला ना चित्र दाखवलं. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि म्हणाले, "साळुंकी काढा. रोज बघता ती." मी हसलो आणि पेन्सिल टेकवली. टेकवली आणि थांबलो. चोच पिवळी, हे आठवलं. पण पाय? डोळ्यामागं काहीतरी पिवळं असतं, ते नेमकं कुठून कुठवर? उडताना पंखांवर पांढरं दिसतं की शेपटीवर? चाळीस वर्षं जी साळुंकी अंगणात हिंडत होती, तिचं चित्र माझ्याकडं नव्हतंच. होता फक्त 'साळुंकी' हा शब्द, आणि त्या शब्दाच्या जोरावर मी तिच्याकडं बघायचं कधीच सोडून दिलं होतं. शेजारी मुलीनं पंखावरचा पांढरा पट्टा बरोब्बर काढला होता. शेपटीचं टोकही पांढरं ठेवलं होतं. दोन्ही बरोबर निघालं. मी कागद घडी करून खिशात घातला.

मग त्यांनी पद्धत सांगितली. अनोळखी पक्षी दिसला की रंगाच्या मागं धावायचं नाही, ऊन-सावलीत रंग फसवतो. आधी आकार बघायचा, आणि तो मापायला चार गज कायम मनात ठेवायचे : चिमणी, साळुंकी, कावळा, घार. चिमणीहून मोठा, साळुंकीहून लहान, इतकं जरी म्हणता आलं तरी निम्मे पक्षी गळतात. मग चोच, कारण चोच म्हणजे पोटापाण्याचा धंदा. दाणे फोडणाऱ्याची आखूड जाड, चिखल धुंडाळणाऱ्याची लांब, मांस फाडणाऱ्याची आकडेबाज. मग शेपटी, बसण्याची ढब, उडण्याची तऱ्हा, जागा. आणि आवाज. शेवटी रंग. पुस्तक उघडायचं ते त्याच्याही नंतर. पक्षी समोर असताना पुस्तकात डोकं घालणारा माणूस परत वर बघतो तेव्हा फांदी रिकामी असते.

दुर्बिणीचंही शिक्षण झालं. ८×४० लिहिलेलं असतं त्यातला ८ म्हणजे आठपट जवळ, आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. अवघड असतं ते दुर्बिणीत पक्षी सापडणं. डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर तसूभर न हलवता दुर्बीण उचलून डोळ्यांपुढं आणायची. दुर्बिणीतून पक्षी शोधायला गेलं तर आठपट मोठं आभाळ तेवढं दिसतं. पहिल्या दिवशी मी तेच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिप्परग्याच्या तळ्यावर गेलो. सोलापूर सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की दिसतं ते हेच पाणी. एकरुख तलाव हे त्याचं कागदोपत्री नाव. आदिला नदी अडवून इंग्रजांनी तो बांधला, काम पुरं झालं १८७१ मध्ये. गावी जाता-येता एसटीच्या खिडकीतून हे पाणी मी शेकडो वेळा पाहिलं होतं. कोजागिरीला भवानीच्या दर्शनाला चालत निघालेल्या गर्दीत, अनवाणी, याच्या कडेनं गेलो होतो. त्या पाण्यावर कुणी राहतं हे डोक्यात आलं नव्हतं.

काठावर बसलो तेव्हा धुकं होतं. पाण्यावर काळे ठिपके होते. गुरुजी म्हणाले, "कपाळ बघा." दुर्बिणीत एक ठिपका धरला आणि मी चकित झालो. काळ्याभोर अंगावर चोचीपासून कपाळापर्यंत पांढरं ठसठशीत गंध. "वारकरी," ते म्हणाले. आमच्याकडं पंढरीच्या वाटेवर ज्यांना वर्षानुवर्षं पाणी पाजलं, त्यांच्याच नावाचा पक्षी या तळ्यात शेकड्यांनी होता आणि आमची भेट आज होत होती. पलीकडं उथळ पाण्यात शेकाट्या उभे होते, खरोखर काटक्यांवर उभे केल्यासारखे, गुलाबी लांब पायांचे. टिबुकल्या बुडी मारायच्या आणि भलतीकडंच वर यायच्या.

बगळ्यांनी मात्र माझी जिरवली. पांढरा तो बगळा, असं मी आजवर धरून चाललो होतो. समोर तीन होते आणि तिघं वेगळे होते. एकाची चोच काळी, पायही काळे, पण पंजे पिवळे, शाळेला निघालेल्या पोरानं पिवळे मोजे घातल्यासारखे. तो लहान बगळा. दुसरा त्याच्याहून उंच, चोच पिवळी, पंजे काळे. तो मध्यम बगळा. तिसरा आखूड मानेचा, थोराड जबड्याचा गायबगळा, नांगरामागं चालणारा आमचा नेहमीचा. इतक्यात काठावरचं मातकट ढेकूळ अंग झटकून उडालं आणि उडताक्षणी पांढरंशुभ्र झालं. चौथा! तो वंचक. बसलेला असताना मातीच्या रंगात असा मुरतो की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि पंख उघडले की सगळी लबाडी उघडी पडते. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला या पाखरानं नक्की एकदा दचकवलं असणार.

त्या दिवशी मोजायलाही शिकलो. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, त्या दहांनी केवढी जागा घेतली ते डोळ्यांत बसवायचं, मग ती जागा मापासारखी थव्यावरून पुढं सरकवत न्यायची. आमच्याकडं रास मोजताना पायली फिरते, तसंच. मी मोजले वारकरी दोनशे चाळीस, मुलीनं दोनशे दहा. गुरुजी म्हणाले, "दोन्ही लिहा. उद्या परत मोजा."

घरी येऊन मी नावांच्या नादाला लागलो. आपल्याकडच्या माणसांनी ही नावं काय पारखून ठेवली आहेत! कोवळा किडा, सरडा पकडून काट्याला टोचून ठेवणारा तो खाटीक. शेपटी सारखी वरखाली आपटत पाण्याकाठी फिरणारा धोबी. पानं शिवून घरटं करणारा शिंपी. खुरट्या झुडपाच्या शेंड्यावर बसून अखंड बोलणारा गप्पीदास. जमिनीवर चार पावलं धावून खटकन थांबणारा आणि पुन्हा धावणारा धाविक. पावसाच्या तोंडावर 'पेरते व्हा' म्हणून सांगणारा पावशा. जो नुसता जाता जाता बघतो त्याला रंग दिसतो, ज्याला त्याच्याच रानात जन्म काढायचा असतो त्याला स्वभाव कळतो. चितमपल्लींनी जंगलात राहणाऱ्या माणसांकडून असे शब्द गोळा केले आणि जिथं शब्द नव्हता तिथं घडवला. कावळ्यांच्या वस्तीला काकागार, बगळ्यांच्या वस्तीला सारंगागार. त्यांचा 'पक्षिकोश' माझ्या उशाशी आला.

सलीम अलींची गोष्ट मला आता वेगळी दिसते. दहाएक वर्षांच्या पोरानं छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग असलेली, नेहमीच्या चिमणीसारखी नसलेली. ही कोण, हे विचारायला तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. १८८३ साली स्थापन झालेली ती संस्था, आत साहेब लोक, आणि हा हातात मेलेलं पाखरू घेऊन दारात उभा. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला घालवून दिलं नाही. भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. पुढं १९४१ मध्ये त्याच पोरानं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक लिहिलं आणि अख्ख्या देशाला पाखरं ओळखायला लावली. त्याच्या हातात बंदूक होती, माझ्या हातात गोफण. फरक एवढाच की पाखरू खाली पडल्यावर त्यानं 'हे कोण' म्हणून विचारलं. माझी पाखरं उडून गेली आणि मी विचारलं नाही.

डिसेंबरात नान्नजला गेलो. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की माळढोक अभयारण्याचा हा माळ येतो. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, वस्त्या सगळंच आलं, जमीनमालकांची कोंडी झाली आणि पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्याला मोकळा माळ लागतो, आणि मोकळा माळ म्हणजे सरकारच्या नि आपल्या भाषेत पडीक जमीन. कुणी नांगरली, कुणी झाडं लावून 'हिरवी' केली. त्यातून आभाळात विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं त्याला कमी दिसतं. जड अंगानं उडत आला की ऐनवेळी वळता येत नाही. आज देशात दीडशेच्या आसपास उरलेत, ते बहुतेक सगळे राजस्थानात. नान्नजला अधूनमधून एखादा दिसल्याची बातमी येते.

आम्हाला दिसला नाही. सकाळभर गवत पिवळं होत गेलं, काळविटांचा कळप थबकला आणि निघून गेला. डोंबारी मात्र भेटला. चिमणीहूनही लहान हा चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा कोसळतो, जमिनीला लागणार तोच सावरून पुन्हा वर. दोरीवरच्या पोरीचा खेळ बघताना येतो तोच काटा अंगावर येतो. मग गवताला चाटून एक हारीण, म्हणजे एक शिकारी पक्षी, तरंगत आली. भुरी, कमरेवर पांढरा पट्टा, मादी असावी. मी अधीर होऊन विचारलं, "सर, कोणती?" मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्यात दोन जातींच्या हारिणी या माळावर येतात, आणि त्यांच्या माद्या नि पिल्लं लांबून सारखीच दिसतात. गुरुजींनी ती क्षितिजाला टेकेपर्यंत दुर्बीण खाली घेतली नाही. मग वहीत लिहिलं : 'हारीण, मादी, दोहोंपैकी एक. ओळख पटली नाही.'

तीस वर्षं पक्षी बघणाऱ्या माणसानं 'ओळख पटली नाही' असं शांतपणे लिहावं, याचा माझ्यावर फार परिणाम झाला. ओळख हा शब्द आपण किती अंगांनी वापरतो. ओळख होते, ओळख पटते, ओळख ठेवावी लागते. रस्त्यात भेटून कुणी तोंड फिरवलं तर 'त्यानं ओळख दिली नाही' म्हणतो. म्हणजे ओळख ही एकट्यानं करायची गोष्टच नाही. समोरच्यानंही ती द्यावी लागते. त्या हारिणीनं दिली नव्हती, आणि न दिलेली ओळख सांगत सुटणं बरं नव्हे. आणि माळढोकाची तर ओळख द्यायलाच कुणी उरलं नव्हतं. त्याचं नाव, वजन, अंडी, सगळं मला पाठ झालं होतं. फक्त तो नव्हता.

त्यानंतर मी तामलवाडीला दर रविवारी जाऊ लागलो. वहीत पानावर गावाचं नाव घालून यादी सुरू केली. तात्या आधी हसले. "शिकून सवरून पाखरं राखायला आलास व्हय परत?" मग हळूहळू सोबत चालू लागले. पुस्तकात नसलेलं त्यांच्याकडं निघू लागलं. पखुर्ड्या सकाळी ठरावीक वेळीच पाण्यावर येतात, हे त्यांना ठाऊक होतं. नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांना पाणी नेतो, हे मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. टिटवीची चार अंडी त्यांनी मुरमाडात मला दाखवली, ती डोळ्यांपुढं असून मला दिसेनात. टिटवी मात्र पंख मोडल्याचं सोंग करत आम्हाला लांब नेऊ बघत होती. "उंचवट्यावर घातलीत," तात्या म्हणाले, "पाऊस चांगला हाय." एकदा लिंबावरून सगळ्या चिमण्या उडाल्या. "शिकरा," मी म्हणालो. तात्यांनी निवांत वर बघितलं. "चोच बघ की. शिकरा न्हाई, पावशा हाय. सोंग घेतंय." चोचीला आकडा नव्हता. मी शिकरा खोडून पावशा लिहिला. पुस्तकही त्यांच्याच बाजूनं होतं. शिक्र्यासारखं दिसून लहान पाखरांना घाबरवणं ही पावशाची जुनी युक्ती.

यादी साठाच्या पुढं गेली, पण भोरड्या त्यात येईनात. कारण रानात ज्वारी नव्हती. सगळीकडं सोयाबीन, वरच्या अंगाला ऊस, थोड्या द्राक्षबागा. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, राखायला पोरं नाहीत. मचाण कधी मोडलं कुणाला आठवत नव्हतं. थवे आभाळातून जायचे. खाली बघत असतील नसतील, उतरत नव्हते. पुस्तकातून मला आता कळलं होतं की या भोरड्या मध्य आशियातून येतात, पाऊसकाळातच यायला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पळसाच्या फुलांवर ताव मारून परततात. तिकडं त्या टोळांवर तुटून पडतात. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांना आवर घालायला म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात. हे सांगितल्यावर तात्या बराच वेळ गप्प होते. "म्हंजे तिथं राखत्यात," एवढंच म्हणाले.

गेल्या रब्बीला त्यांनी एकरभर मालदांडी ज्वारी पेरली. घरात खायला हवी, कडबा हवा, ही कारणं सांगितली. मी खोदून विचारलं नाही.

जानेवारीतला रविवार. दाणा दुधात. आम्ही बांधावर हुरड्याची आगटी पेटवायच्या बेतात होतो आणि तुळजापूरच्या बाजूनं तो धुरळा उठला. वळला, दाटला, डोक्यावरून एकदा सळसळत गेला आणि कणसांवर ओतला गेला. आता मला दिसत होतं : गुलाबी अंग, काळं डोकं, मानेवर विस्कटलेला तुरा, मधूनच यंदाची भुरकट पिल्लं. एका कणसावर तीन-तीन. मी दुर्बीण उचलली. तात्यांनी खांद्यावरची गोफण काढली, ढेकूळ घातलं, सवयीनं हात वर गेला.

आणि तसाच थांबला. माझ्याकडं न बघता ते म्हणाले,

"आधी मोज. मग हाकतो."